छिद्र लहान, निर्णय मोठा

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. एक ऊसतोड कामगार आणि त्याची बायको आत आली. बाईचे वय चौतीस. दोन मुले, धाकट्यानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. नवऱ्याने पिशवीतून एक फाईल काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सायब, हिची पिशवी काढायला सांगितलीय. पोट फाडायचं नाही, तीन भोकं पाडून दुर्बिणीनं काढतेत. मुकादमाची उचल परवाच हातात आलीय. गाडी निघायच्या आत उरकून घ्यावं म्हणतो. तुम्ही फकस्त हो म्हणा."

मी फाईल पाहिली. सोनोग्राफीत गर्भपिशवी किंचित मोठी, तिच्यात दीड सेंटीमीटरची एक गाठ आणि डाव्या बीजकोशात तीन सेंटीमीटरची पाण्याची गाठ. मी बाईला विचारले, "तुला त्रास काय होतो?" ती नवऱ्याकडे बघू लागली. नवऱ्याला बाहेर बसवले आणि आमच्या सिस्टरना आत बोलावले, तेव्हा ती बोलली. अंगावरून पांढरे जाते, खाज येते, कंबर दुखते. पाळी? पाळी वेळेवर येते, चार दिवस जाते, गाठी पडत नाहीत. मग पिशवी कशासाठी काढायची? ती म्हणाली, "ठेवली तर कॅन्सर होईल म्हणलेत."

वाचकहो, मी साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. मी शस्त्रक्रिया करत नाही. पण तीस वर्षे या तालुक्यात दवाखाना चालवताना अशा फायली माझ्या टेबलावर किती आल्या, याची मोजदाद नाही. पूर्वी लोक पोट फाडायला भीत, म्हणून निदान चार ठिकाणी विचारत तरी. आता "तीन भोकांचे ऑपरेशन" म्हटले की ती भीती गेली, आणि भीतीबरोबर विचारणेही गेले. म्हणून आजच्या लेखात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची माहिती देणार आहे आणि तिच्याविषयी माझे मतही मांडणार आहे. ते मत एका वाक्यात असे: शस्त्रक्रिया कशी करायची हा दुसरा प्रश्न आहे; ती करायची का, हा पहिला. आपल्याकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दाखवून पहिला प्रश्न गिळला जातो.

ही दुर्बीण म्हणजे काय?

आपल्या भागातील जुन्या माणसांना दुर्बीण माहीत झाली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. "बिनटाक्याचे ऑपरेशन" हा शब्द तेव्हापासूनचा. तत्त्व तेच आहे. बेंबीजवळ एक लहान छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोट तंबूसारखे फुगते आणि आतील अवयव सुटे दिसतात. मग त्या छेदातून दिवा व कॅमेरा असलेली नळी आत घालतात. बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटरची आणखी दोन-तीन छिद्रे पाडून त्यांतून लांब दांड्याची हत्यारे आत जातात. डॉक्टर पडद्यावर बघून काम करतात. रुग्णाला बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते.

दुसरा प्रकार गर्भपिशवीच्या आत बघण्याच्या दुर्बिणीचा. यात पोटाला छिद्र पडतच नाही. खालच्या मार्गाने, पिशवीच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत जाते. आतला मस, पिशवीच्या पोकळीत आलेली लहान गाठ, पिशवीला जन्मतः असलेला पडदा या गोष्टी अशा रीतीने काढता येतात आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते.

माणसाच्या पोटात दुर्बिणीने पाहण्याची सुरुवात १९१० साली स्वीडनमधील याकोबेयस या डॉक्टरांनी केली. बराच काळ ती फक्त पाहण्यापुरती होती. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांच्याच देशातील सर्जन मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १९८८ साली अमेरिकेत हॅरी राईश यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भपिशवी काढली. आज हे तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत आले आहे. जखम लहान, वेदना कमी, पू होण्याची भीती कमी, दोन-तीन दिवसांत घरी. हे फायदे खरे आहेत. मी या तंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

गरज कोठे असते?

काही आजारांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे वरदान आहे. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला, तर नळी फुटून तासाभरात बाईचा जीव जाऊ शकतो. पाळी चुकलेली, एका बाजूला पोटात जोराची कळ, चक्कर, थोडे अंगावरून जाणे, अशी लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. बीजकोशातील गाठीला पीळ पडला, तर काही तासांत शस्त्रक्रिया करून बीजकोश वाचवता येतो. पाळीच्या वेळी असह्य दुखणे आणि मूल न होणे या दोन्ही तक्रारी ज्या आजारात एकत्र दिसतात, त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये दुर्बीण निदानही करते आणि उपचारही. मूल होत नसेल तर नळ्या उघड्या आहेत की नाहीत, आत क्षयरोगाचा परिणाम आहे का, हेही तिच्यातून दिसते. बीजकोशाची मोठी किंवा वाढत जाणारी गाठ काढून बीजकोश ठेवता येतो. पिशवीतील गाठ काढून पिशवीही ठेवता येते. यातील बहुतेक शस्त्रक्रिया अवयव वाचवण्यासाठी आहेत. आपल्या भागात मात्र दुर्बीण म्हटले की पिशवी काढणे, एवढाच अर्थ लोकांच्या डोक्यात बसला आहे.

आता पिशवी काढण्याविषयी. गर्भपिशवीचा, तिच्या तोंडाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग, औषधांना न जुमानणारा आणि रक्त कमी करणारा मोठा रक्तस्राव, मोठ्या किंवा झपाट्याने वाढणाऱ्या गाठी, पिशवीच्या भिंतीचा अतिशय दुखणारा आजार, अंग पूर्ण बाहेर येणे, आणि बाळंतपणात कशानेच न थांबणारा रक्तस्राव, ही पिशवी काढण्याची खरी कारणे. अशा वेळी मी स्वतः रुग्णाला समजावून पाठवतो.

आणि खालील गोष्टी पिशवी काढण्याची कारणे नव्हेत. अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. त्यावर गोळ्या आहेत, आणि काही प्रकारांत नवऱ्यालाही त्याच गोळ्या घ्याव्या लागतात. त्याने घेतल्या नाहीत तर त्रास पुन्हा होतो आणि खापर पिशवीवर फुटते. कंबरदुखी बहुतेक वेळा कामाची, अशक्तपणाची असते. "पिशवीच्या तोंडाला जखम" हे शब्द ऐकून बायका घाबरतात. पुष्कळदा ती जखम नसतेच, आतील लाल अस्तर बाहेर दिसत असते. मात्र एकदा तपासून घ्यावे. लहान गाठी तर पन्नाशीपर्यंत कितीतरी बायकांच्या पिशवीत होतात. बहुतेकींना त्यांचा काही त्रास नसतो आणि पाळी गेल्यावर त्या आक्रसतात. तरुण बाईच्या बीजकोशातील तीन-चार सेंटीमीटरची साधी पाण्याची गाठ दोन-तीन पाळ्यांत बहुधा आपोआप जाते. तिच्यासाठी उपचार एकच, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

राहिला कॅन्सरचा धाक. साध्या गाठीचा कर्करोग होणे ही फार विरळा गोष्ट आहे. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आपल्याकडे आहे, पण तो टाळायला पिशवी काढावी लागत नाही. तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची साधी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत औषध लावून केली जाणारी ही तपासणी काही मिनिटांची असते. त्यात काही संशय आला तरच पुढचा तपास.

मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या पायऱ्या

समजा पाळीत खरोखरच फार जाते. तरीही थेट पिशवीवर उडी मारायची नसते. आधी रक्ताचे प्रमाण बघावे, थायरॉईड बघावे, सोनोग्राफी करावी. चाळिशीच्या पुढे किंवा संशय असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा. मग औषधे. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. संप्रेरक सोडणारी एक तांबी मिळते. ही आपली नेहमीची तांबी नव्हे, नेहमीच्या तांबीने रक्तस्राव उलट वाढू शकतो. ही दुसरी तांबी पिशवीत बसवली की बऱ्याच बायकांचे जाणे काही महिन्यांत फार कमी होते आणि ती निदान पाच वर्षे काम करते. महाग वाटते खरी, पण शस्त्रक्रियेच्या बिलाशी तुलना करून पाहावी. कोणते औषध कोणाला चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. वाचून परस्पर दुकानातून आणू नये. या पायऱ्या चढून झाल्यावरही त्रास राहिला, तर मग पिशवीचा विचार.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्येक डॉक्टरला ते ठाऊक आहे. तरी २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्याचे नाव देशभर आणि देशाबाहेर गेले, ते यासाठीच. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे त्या वर्षी विधान परिषदेत सांगण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतील बायकांचे वय आणि परिस्थिती अगदी सारखी नसेल. पण एवढी मोठी तफावत आजाराची असू शकत नाही. ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काही वेगळ्या मातीच्या घडलेल्या नाहीत.

कारणे आपल्याला ठाऊक आहेत. फडात पाणी नाही, आडोसा नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत तेच कापड वापरायचे, ते धुवायला आणि वाळवायला जागा नाही. म्हणून जंतुसंसर्ग. एक दिवस घरी बसले तर खाडा धरतात, आणि उचल तर आधीच खर्चून झालेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्यातला एक हात थांबला की दोघांची मजुरी बुडते. मग बाईलाच वाटते, पाळीची कटकटच नको. त्यात कोणी कॅन्सरची भीती घातली की पिशवी काढायला ती स्वतः पैसे गोळा करते. पुष्कळ डॉक्टर म्हणतात, "आम्ही काय करणार? रुग्णच मागणी करतो." रुग्णाने मागितले म्हणून आपण सलाईन लावतो, इंजेक्शन देतो, ही सवय वाईटच. पण मागितले म्हणून अवयव काढून द्यायचा का? ज्या बाईला पाणी आणि दोन दिवसांची सुटी हवी आहे, तिला आपण शस्त्रक्रिया देतो.

२०१९ नंतर जिल्ह्यात पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करावीत, असे सर्व राज्यांना सांगितले. हे सारे चांगले झाले. पण कागदावरची परवानगी कागदावरचा आजार बघून मिळते. फाईलमध्ये "औषधोपचार निष्फळ" असे लिहिले, की औषध किती दिवस दिले हे कोण विचारतो?

माझी एक चिठ्ठी

इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. १९९८ साल असावे. दवाखाना नुकताच बसत होता. तांड्यावरची एक बाई अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीसाठी यायची. वय एकतीस. मी दोनदा गोळ्या दिल्या, नवऱ्याला बोलावण्याचा कंटाळा केला. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा गर्दी होती. मी एका नर्सिंग होमच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि मोकळा झालो. पंधरा दिवसांनी तिकडचा माणूस एक पाकीट ठेवून गेला. त्यात काय आहे हे मला कळत होते. मी ते परत केले नाही. अशी पाकिटे पुढेही काही वर्षे घेतली. डॉक्टरने रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे घेणे हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने स्पष्टपणे गैरवर्तन ठरवलेला प्रकार आहे, पण ते गैर आहे हे समजायला मला नियमाची गरज नव्हती.

त्या बाईची पिशवी काढली आणि तिच्याबरोबर दोन्ही बीजकोशही. एकतिसाव्या वर्षी बीजकोश गेले म्हणजे एकतिसाव्या वर्षी म्हातारपणाची सुरुवात. अंगाची आग, झोप नाही, चिडचिड. आधी लोक म्हणाले, बाहेरचे काही असेल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अंगणात पडली तर मनगट मोडले. दोन वर्षांनी खुब्याचे हाड मोडले. आता ती काठी घेऊन चालते. ती अजून माझ्याच दवाखान्यात येते आणि बाकावर बसलेल्या बायकांना सांगते, "या सायबानं येळेवर धाडलं म्हणून मी वाचले." आजवर मी तिला खरे सांगू शकलेलो नाही. हा लेख तिला कोणी वाचून दाखवला, तर तिला ते कळेल. कळावे.

तेव्हा ध्यानात ठेवावे की पिशवी आणि बीजकोश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवी काढावी लागली तरी चांगले बीजकोश तरुणपणी उगाच काढू नयेत. हाडे आणि हृदय यांना त्यांचा आधार असतो. बीजकोश ठेवले तरी पिशवी काढलेल्या बाईची पाळी जाण्याचे वय काही वर्षे अलीकडे येऊ शकते. "आता मुले झाली, पिशवीचा उपयोग काय" असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

लहान छिद्र नेहमीच चांगले का?

समजा, पिशवी खरोखरच काढावी लागणार आहे. मग रस्ते तीन. पोट उघडून, खालून योनिमार्गाने, आणि दुर्बिणीने. यातला खालचा रस्ता सर्वांत जुना, पोटाला एकही छिद्र न पाडणारा आणि बहुधा स्वस्त. जेथे तो शक्य असेल तेथे त्यालाच पसंती द्यावी, असे जगभरातील तज्ज्ञ सांगतात. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी या पद्धतीचा आयुष्यभर पुरस्कार केला. पण खालून केलेल्या शस्त्रक्रियेत महागडे यंत्र दाखवता येत नाही, म्हणून जाहिरातीत ती दिसत नाही.

दुर्बिणीची मर्यादाही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पिशवीच्या तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना केली होती. साडेचार वर्षांनी पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ९६.५ टक्के रोगमुक्त होत्या, दुर्बिणीने केलेल्यांपैकी ८६ टक्के. जे नवे ते सरस असे धरून चाललेल्या तज्ज्ञांनाही हा धक्का होता. तसेच मोठी गाठ लहान छिद्रातून बाहेर काढण्यासाठी पोटातच यंत्राने तिचे तुकडे करतात. त्या गाठीत लपलेला कर्करोग असेल तर तो पोटभर पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली दिला. शिवाय दुर्बिणीने काम करताना मूत्रवाहिनी, मूत्राशय, आतडे यांना इजा होण्याचा धोका असतोच. आधीच्या सिझेरियनमुळे आत अवयव चिकटलेले असतील तर तो वाढतो. हात बसलेला सर्जन आणि अनुभवी भूलतज्ज्ञ असतील तर ही इजा क्वचित होते. म्हणून यंत्रापेक्षा माणूस बघावा.

आणखी एक. बाहेरची छिद्रे आठ दिवसांत भरतात, म्हणून "पंधरा दिवसांत कामावर" असे सांगितले जाते. आतले टाके कोठे दिसतात? पिशवी काढल्यावर वरच्या टोकाला शिवलेली जागा भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या आधी डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकवर चढणे म्हणजे संकटाला आमंत्रण. जखम लहान म्हणजे विश्रांती लहान, असे समजू नये.

उशीरही करू नये

हे वाचून कोणी "शस्त्रक्रियाच नको" असे ठरवू नये. माझ्या ओळखीच्या एका घरातील बावन्न वर्षांच्या बाईंची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. मग अधूनमधून डाग दिसू लागले. लाजेने त्यांनी सुनेलाही सांगितले नाही. आठ महिन्यांनी आल्या तेव्हा पिशवीचा कर्करोग बाहेर पसरला होता. लवकर आल्या असत्या, तर पिशवी काढून बऱ्या होण्याची चांगली आशा होती. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवावे. अशा दहा बायकांतील एखादीला कर्करोग निघतो. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पोट वाढत जाणे आणि भूक मंदावणे, ही लक्षणेही अंगावर काढू नयेत. ज्या बाईला गरज नाही तिची पिशवी तिसाव्या वर्षी निघते आणि जिला गरज आहे ती बावन्नाव्या वर्षी लाजेने घरात बसते, हे आपल्या समाजाचे दुर्दैव आहे.

सही करण्यापूर्वी

भगिनींनो, कोणी पिशवी काढायला सांगितली तर हे प्रश्न जरूर विचारा. माझा आजार नेमका कोणता? औषधाने प्रयत्न झाला का, किती महिने? अस्तराचा तुकडा तपासला का? आजच नाही काढली आणि तीन महिने थांबले तर काय होईल? बीजकोश ठेवणार की काढणार? खालून करणे शक्य आहे का? काढलेला भाग तपासणीला पाठवणार का आणि त्याचा अहवाल मला मिळेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तरच समजावे. तातडीचा प्रसंग नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, तेही त्यांनीच सुचवलेल्या डॉक्टरचे नव्हे. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे. एक दिवस मोडेल, पण अवयव पुन्हा बसवता येत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगणे आहे की गावातील माणूस सर्जनला ओळखत नाही, तो आपल्याला ओळखतो. आपण चिठ्ठी लिहितो म्हणून तो जातो. तेव्हा पहिला प्रश्न आपणच विचारला पाहिजे. आणि कारखान्यांनी व मुकादमांनी फडावर पाणी, संडास आणि पाळीच्या दिवसांत बिनखाड्याची सुटी दिली, तर कितीतरी पिशव्या कोणत्याही डॉक्टरशिवाय वाचतील.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईचे काय झाले, हे सांगून थांबतो. मी दोघांना गोळ्या दिल्या. रक्त आठ टक्के भरले, म्हणून तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली, ती चांगली निघाली. नवरा थोडा नाराज होऊनच गेला. पट्टा पडल्यावर, एप्रिलमध्ये, दोघे परत आले. सोनोग्राफीत बीजकोशातील पाण्याची गाठ नाहीशी झाली होती. पांढरे जाणे मधे एकदा झाले होते, आता कमी होते. कंबर मात्र दुखतेच म्हणाली. "पाच महिने मोळ्या उचलल्यावर कोणाची दुखणार नाही?" असे मी म्हटले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मी तिला पुढच्या तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. या दसऱ्याला गाडी निघण्यापूर्वी एकदा दाखवून जा, असे सांगितले आहे.